पेट्रोलचा डबा आणि पाण्याची बाटली

गणपतीला दोन दिवस उरले होते. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी काय गडबड असते ते वाचकांना सांगायला नको. मुंबईची मंडळी आलेली, माळीवरची भांडी खाली काढलेली आणि घरापुढचे पावसाने माजलेले गवत कापण्याची घाई. अशाच एका घरातून दुपारी तीनच्या सुमारास तीन वर्षांच्या एका मुलाला माझ्या दवाखान्यात आणले. मुलगा सारखा खोकत होता, श्वास भरभर चालला होता आणि त्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येत होता.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गवत कापण्याच्या यंत्रात पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळून घालावे लागते. मुलाच्या वडिलांनी हे मिश्रण पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत तयार करून ठेवले होते. यंत्रात थोडे ओतून बाटली पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ते खळ्यात कामाला लागले. मुलाला तहान लागली होती. बाटली ओळखीची, आतला रंग सरबतासारखा. त्याने दोन घोट घेतले, ठसका लागला आणि तो रडू लागला. आजी धावत आली. तिने वास ओळखला आणि तिच्या माहितीप्रमाणे ताबडतोब उपाय केला. तांब्याभर मीठपाणी पाजून, घशात बोट घालून दोनदा उलटी काढली. त्यानंतरच मुलाचा श्वास वाढला.

मी तपासत असताना आजीने विचारले, "डॉक्टर, उलटी काढली तेच चुकलं का हो?"

मी तेव्हा म्हटले, "आजी, ते नंतर बोलू, आधी याला पुढे पाठवू." मुलाला प्राणवायू लावून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पाच दिवस तो रुग्णालयात राहिला आणि चवथीचा सण त्या घराने अर्धा घरी आणि अर्धा रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढला. मुलगा बरा झाला. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्या एकटीसाठी नाही, आपल्या सर्वांसाठीच आहे. म्हणून आजचा लेख पेट्रोल साठवण्याच्या डब्याविषयी. आरोग्याच्या सदरात डब्याचे काय काम, असे कोणाला वाटेल. पण हा अपघात औषधाने टळणारा नव्हता. तो पाच लिटरच्या एका चांगल्या डब्याने टळला असता.

पोटापेक्षा फुफ्फुसाला धोका

विष पोटात गेले की ते बाहेर काढावे ही समजूत फार जुनी आहे. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन यांच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. हे द्रव पातळ आणि निसरडे असतात. पोटात गेलेला एखादा घोट बहुधा मोठे नुकसान करीत नाही. तेच पेट्रोल गिळताना ठसका लागून किंवा उलटी होताना श्वासनलिकेत उतरले, तर एक मिलिलिटरपेक्षाही कमी प्रमाणात ते फुफ्फुसात दूरवर पसरते. फुफ्फुसातील बारीक वायुकोशांना आतून एक पातळ अस्तर असते. श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पेट्रोल ते अस्तर धुऊन काढते. वायुकोश मिटतात, त्यांना सूज येते, आणि जंतू नसतानाही न्युमोनियासारखा आजार होतो.

म्हणजे त्या मुलाच्या पोटातून पेट्रोल घशाशी परत आणले, तेव्हा ते फुफ्फुसात शिरण्याची दुसरी आणि तिसरी संधी आपणच दिली. शिवाय लहान मुलाला मीठपाणी भरपूर पाजणे हे स्वतंत्रपणेही धोक्याचे आहे, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण एकदम वाढून झटके येऊ शकतात. आजीने केले ते मायेपोटी केले, त्यात तिचा दोष नाही. तिला कोणी सांगितले नव्हते.

पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे

आपल्या पिढीने घरात रॉकेल पाहिले. कंदील, वातीचा स्टोव्ह, चुलीवर टाकायचा एखादा शिंतोडा, हे सर्व त्याच्याच भरवशावर चालत असे. रॉकेलची ती सवय आपण नकळत पेट्रोलला लावतो, आणि घात तिथेच होतो.

द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. रॉकेल उन्हाळ्यातल्या साध्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सहसा सोडत नाही, म्हणून त्याला वात लागते. पेट्रोल मात्र शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडते. म्हणजे आपल्या हवेत बाराही महिने, रात्री आणि दिवसा, उघड्या पेट्रोलवर पेटण्याजोगी वाफ असतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर पाण्यासारखी जमिनीलगत सरकत जाते, पायरी उतरते आणि खोलगट जागी साचते. पडवीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ माजघरातल्या समईपर्यंत किंवा न्हाणीच्या चुलीपर्यंत पोहोचते, तिथे पेटते आणि ज्वाला आल्या वाटेने परत येते. पाहणाऱ्याला वाटते, आग आपोआप लागली.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले की ती पेटू शकते. चहाचा एक कप, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोल सांडले, तर त्याची वाफ साधारण १८ लिटर होते. दीड टक्क्याच्या हिशेबाने ती हजार लिटरहून अधिक हवा पेटण्याजोगी करू शकते. कपभर सांडले तर काय झाले, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब आठवावा.

डबा कसला असावा

आपल्या देशात याविषयी कायदा आहे आणि तो जुना आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असले पाहिजे. काचेचे किंवा मातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे चालत नाही, आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. या यादीत प्लॅस्टिकची बाटली नाही. काच हातातून निसटली की फुटते, म्हणून घरासाठी सरळ धातूचा डबा घ्यावा हे उत्तम.

पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली का नको, याची कारणे नीट समजून घ्यावीत. पहिले कारण वर सांगितलेच. ती पिण्याची वस्तू आहे, आणि मूल वस्तू ओळखते, चिठ्ठी वाचत नाही. दुसरे म्हणजे तिचे बूच वाफेचा दाब धरण्यासाठी केलेले नसते. उन्हात बाटली फुगते, बूच सैल होते आणि वाफ बाहेर येत राहते. तिसरे म्हणजे ती पायाखाली चेपते, विळा-कोयता लागला तर फाटते आणि गरम सायलेन्सरला टेकली तर वितळते. खाद्यतेलाचे रिकामे कॅनही याच कारणांसाठी नकोत. कीटकनाशकाचे रिकामे डबे तर कशासाठीच पुन्हा वापरू नयेत.

पाश्चात्त्य देशांत पेट्रोलसाठी जाड प्लॅस्टिकचे खास डबे मिळतात. ते पेट्रोलसाठीच तयार करून, आपटून आणि दाब देऊन तपासलेले असतात. आपल्या बाजारात कुठलाही जाड कॅन 'पेट्रोलला चालतो' म्हणून विकला जातो, त्यावर विसंबू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. त्याने काही जातींचे रबर फुगते किंवा चिरते. म्हणून धातूच्या डब्याच्या बुचातील वॉशरही अधूनमधून काढून पाहावा, आणि मऊ किंवा चिकट झाला असेल तर बदलावा.

डबा विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

आकार : घरच्या यंत्रासाठी पाच लिटरचा डबा पुरे. पाच लिटर पेट्रोलचे वजन पावणेचार किलोच्या आसपास होते आणि एका हाताने बेताने ओतता येते. वीस लिटरचा डबा भरला की डब्यासकट वीस किलोच्या घरात जातो. तो लहान यंत्राच्या टाकीवर तोलून धरताना हमखास सांडतो. मोठा डबा म्हणजे मोठा साठा, आणि घरात साठा जेवढा कमी तेवढे बरे.

तोंड आणि बूच : बूच आट्यांचे किंवा तरफेने आवळण्याचे असावे, आत अखंड वॉशर असावा आणि बूच डब्याला साखळीने अथवा पट्टीने जोडलेले असावे. विकत घेण्यापूर्वी डब्यात पाणी भरून तो उलटा धरून पाहावा. एक थेंबही गळता कामा नये. मग तो पूर्ण वाळवून वापरात आणावा.

चोच : ओतण्याची नळी डब्याला घट्ट बसणारी असावी आणि हवा आत जाण्याची सोय असावी. ही सोय नसली की पेट्रोल 'डुबुक डुबुक' उसळत बाहेर पडते आणि हातावर, यंत्रावर, जमिनीवर उडते. चोच नसेल तर धातूचे नरसाळे वापरावे, आणि ते फक्त पेट्रोलसाठी राखून ठेवावे. स्वयंपाकघरातले नरसाळे आणून परत नेऊ नये.

जाळी : चांगल्या डब्याच्या तोंडात बारीक धातूची जाळी असते. बरेच जण ती गाळणी समजतात आणि पेट्रोल हळू पडते म्हणून उपटून टाकतात. या जाळीचे खरे काम ज्वाला आत जाऊ न देणे हे आहे. धातू ज्वालेची उष्णता शोषून घेतो आणि ज्वाला जाळीपाशी विझते. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी तयार केलेल्या सुरक्षा कंदिलाचे तत्त्व हेच होते. अमेरिकेत २०२० साली झालेल्या कायद्याने इंधनाच्या डब्यांना अशी ज्वालारोधक सोय करण्याचे बंधन घातले. त्याआधी २००८ साली तिथे पेट्रोलच्या डब्यांना लहान मुलांना उघडता येणार नाही असे झाकण लावणे सक्तीचे झाले होते. आपल्याकडे असे दाबून फिरवण्याचे झाकण मिळाले तर जरूर घ्यावे. पण अशा झाकणाने मुलाला उशीर होतो, मूल थांबतेच असे नाही. म्हणून डबा उंच आणि कुलपात ठेवण्याला पर्याय नाही.

रंग आणि नाव : डबा लाल रंगवून त्यावर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' लिहावे. तेल मिसळलेले असेल तर त्याचा डबा वेगळा ठेवून तसे लिहावे. डिझेल आणि रॉकेल यांचे डबे वेगळ्या रंगाचे करावेत. रॉकेल समजून स्टोव्हमध्ये पेट्रोल भरले गेले तर काय अनर्थ होतो तो वेगळा सांगायला नको.

भरताना

डबा काठोकाठ कधीही भरू नये. पेट्रोल दर दहा अंश तापमानवाढीला सुमारे एक टक्का फुगते. सकाळच्या गारव्यात भरलेला पाच लिटरचा डबा दुपारी उन्हात वीस अंशांनी तापला, तर आतले पेट्रोल १०० मिलिलिटरने वाढते, आणि वाफेचा दाब वाढतो तो निराळाच. म्हणून पाच लिटरच्या डब्यात साडेचार लिटरच घ्यावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी वीस लिटरचा जो डबा तयार झाला, त्याच्या वरच्या भागात हवेसाठी मुद्दाम जागा राखलेली होती. इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, त्यावरून त्या डब्याला जेरीकॅन हे नाव पडले. आज आपण कुठल्याही प्लॅस्टिकच्या कॅनला तेच नाव देतो, त्यामागची काळजी मात्र घेत नाही.

पंपावर डबा भरताना तो जमिनीवर ठेवावा. स्कूटरच्या पायाशी, गाडीच्या मागच्या रबरी चटईवर, गोणीत किंवा हातात अधांतरी धरून भरू नये. पेट्रोल वाहताना स्थिर विद्युत निर्माण होते. डबा जमिनीला टेकलेला असेल तर ती जमिनीत उतरते, अधांतरी असेल तर साचते आणि ठिणगी पडू शकते. पंपाच्या नळीचे टोक डब्याच्या धातूच्या कडेला सतत टेकलेले असावे. सुटे पेट्रोल देण्यावर जिल्हा प्रशासन वेळोवेळी निर्बंध घालते, त्यामुळे आधी विचारावे. पंपावरचा माणूस बाटलीत पेट्रोल द्यायला नकार देतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. एस.टी. आणि रेल्वेतून पेट्रोल नेण्यास मनाई आहे. पिशवीत लपवून नेणारा आपल्याबरोबर सबंध गाडीचा जीव धोक्यात घालतो.

ओतताना

यंत्र बंद करून किमान दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडले की वाफ उसळते, आणि त्यात ठिणगी मिळाली की पुरे. पेट्रोल उघड्यावर, जमिनीवर ठेवलेल्या यंत्रात ओतावे. पाठीवर अडकवलेल्या यंत्रात दुसऱ्याने पेट्रोल ओतणे ही आपल्या बागांतून सर्रास दिसणारी पद्धत अत्यंत घातक आहे. सांडले तर सगळे पाठीवरच्या कपड्यांत मुरते. ओतणाऱ्याच्या तोंडात विडी नसावी, आणि आसपास मुले नसावीत. डबा वापरून झाला की बूच आधी लावावे, यंत्र नंतर सुरू करावे, आणि तेही ओतलेल्या जागेपासून दहा पावले दूर नेऊन.

यापुढची सूचना मी सर्वांत कळकळीने करतो. पावसाळ्यात लाकडे ओली असतात, न्हाणीची चूल पेटत नाही, पालापाचोळा धुमसत राहतो, आणि कोणीतरी पेट्रोलचा डबा आणून त्यावर धार धरतो. असे कधीही करू नये. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावरही करू नये. ज्वाला धारेवरून आणि वाफेतून डब्याच्या तोंडापर्यंत येते. डबा जवळजवळ रिकामा असेल तर आतली वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटण्याजोगे असण्याचा संभव अधिक. ते पेटले की उरलेले पेट्रोल पेटत्या फवाऱ्यासारखे बाहेर फेकले जाते, आणि समोर उभ्या असलेल्याला गाठते. पुष्कळदा समोर उभे असते ते तमाशा पाहणारे मूल. डब्यात थोडेच होते, ही सबब इथे चालत नाही. थोडे असणे हाच धोका आहे.

तोंडाने नळी ओढणे

गाडीच्या टाकीतून पेट्रोल काढताना रबरी नळी तोंडाने ओढण्याची पद्धत गॅरेजपासून घरापर्यंत सगळीकडे आहे. मुलाच्या दोन घोटांनी जे झाले तेच इथे मोठ्या माणसाचे होते. नळी ओढताना माणूस जोराने श्वास आत घेत असतो आणि त्याच श्वासाबरोबर पेट्रोल सरळ फुफ्फुसात जाते. दोन दिवसांनी ताप, छातीत दुखणे आणि खोकला घेऊन असे रुग्ण येतात आणि विचारल्याशिवाय कारण सांगत नाहीत. रबरी फुग्याचा छोटा हातपंप थोडक्या पैशांत मिळतो. तो डब्याबरोबरच विकत घ्यावा.

हात धुण्यासाठी पेट्रोल वापरण्याची सवयही सोडावी. पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात बेंझीन असते. दीर्घकाळ बेंझीन शरीरात जात राहिल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. हाताची कातडी कोरडी पडून फुटते ती वेगळीच. ग्रीससाठी साबण आणि लाकडाचा भुसा पुरतो.

डबा कुठे ठेवावा

राहत्या घरात नाही, हे पहिले उत्तर. स्वयंपाकघर, देवघर, जिन्याखालची जागा, माळा, इन्व्हर्टरची जागा आणि गाडीची डिकी, यांपैकी काहीच नाही. घरापासून वेगळा मांगर किंवा शेड असेल तर तिथे, सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, पण आपल्या खांद्याच्या खाली, म्हणजे काढताना अंगावर पडणार नाही, अशा बेताने कुलपात ठेवावा. शेजारी गवताच्या पेंढ्या, सुकी लाकडे, खते ठेवू नयेत. वेगळी जागाच नसेल तर साठा करू नये. लागेल तेवढे आणून त्याच दिवशी यंत्रात घालून संपवावे.

साठा किती दिवस ठेवावा? महिन्याभरात संपेल इतकाच आणावा. पेट्रोल जुने होते, त्यातला चटकन उडणारा भाग निघून जातो आणि यंत्र कुरकुर करू लागते. इथेनॉल हवेतील ओल ओढते, आणि आपल्या कोकणच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. पडलेली झाडे कापायला आणि जनित्रे चालवायला पेट्रोलची धावपळ झाली. तेव्हापासून पावसाळ्याआधी साठा करण्याकडे अनेकांचा कल आहे. त्यांची गरज खरी आहे, पण त्यांनीही एका डब्याची मर्यादा पाळावी, आणि जनित्र घरात किंवा बंद पडवीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासावाचून जीव घेतो.

अपघात झालाच तर

पेट्रोल प्यायल्यास : उलटी काढू नये. मीठपाणी, दूध, तूप, ताक, कोळसा काहीही पाजू नये. तोंड पाण्याने पुसून घ्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे. मुलाला बसते ठेवावे. ग्लानी असेल तर कुशीवर झोपवावे, म्हणजे आपोआप उलटी झाली तरी ती बाहेर पडेल. बाटली किंवा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जावे, अथवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मूल हसत-खेळत असले तरीही किमान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली असावे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असतो आणि त्रास नंतर वाढतो, असे घडते. खोकला, भरभर श्वास, कण्हणे, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, सुस्ती आणि ताप ही धोक्याची चिन्हे होत.

डोळ्यात उडाल्यास : वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे, चोळू नये, मग डॉक्टरांना दाखवावे.

कपड्यांवर सांडल्यास : चुलीपासून आणि समईपासून दूर जाऊन कपडे लगेच काढावेत आणि उघड्यावर वाळत टाकावेत. 'वाळेल आपोआप' म्हणून त्याच कपड्यांनी चुलीपुढे बसू नये.

आग लागल्यास : पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. कोरडी माती किंवा वाळू टाकावी. म्हणून डब्याच्या जागेशेजारी वाळूची एक बादली कायमची असावी. माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला पळू देऊ नये. जमिनीवर आडवे पाडून लोळवावे, सुती गोधडी किंवा घोंगडी लपेटावी. ज्वाला विझल्यावर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवावे. बर्फ लावू नये. हळद, शाई, टूथपेस्ट, चुना, तूप काहीही लावू नये. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, चिकटलेला कपडा ओढू नये, धुतलेल्या सुती कापडाने झाकून रुग्णालयात न्यावे.

शेवटी पुन्हा त्या घराकडे येतो. महिनाभराने मुलाला दाखवायला आजी आणि वडील दोघेही आले होते. फुफ्फुसे स्वच्छ झाली होती. त्या दिवशी मी आजीच्या प्रश्नाला उत्तर दिले. म्हटले, "आजी, उलटी काढायला नको होती, हे खरं. पण तुम्ही ओट्यावर होतात म्हणून मुलगा वेळेत इथे आला, हेही तितकंच खरं." वडील इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, आजीचं सोडा. बाटली मी ठेवली होती. आता पत्र्याचा डबा आणलाय, लाल. मांगरात कुलपात असतो आणि किल्ली माझ्या कडदोऱ्याला."

वाचकहो, आज हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे. घराभोवती, पडवीत, गोठ्यात, दुचाकीच्या डिकीत एकदा फिरून पाहावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन, ॲसिड, फवारणीचे औषध असे काही आढळले, तर ते आजच हलवावे आणि ती बाटली मोडून टाकावी. ज्या भांड्यातून आपण पितो, त्यात पिण्याचेच असावे. हा नियम घरातल्या लहान मुलालाही समजतो. तो आपण मोठ्यांनी पाळावा.